गुंतवून ठेवायचं काम

मुलांकडून कागदाच्या वस्तू करून घेणं हे काम असू शकतं, हे आमच्या घरी अजून कुणाला नीटसं पटलेलं नाही. आंदर मावळात आमची भाताची खाचरं आहेत. पहिला पगार घेऊन गावी गेले, तेव्हा वडिलांनी तो दोनदा मोजला. मग म्हणाले, "कागदं कापायचा पगार देत्यात? मंग आमी जल्मभर भात कापतोय, त्याचं काय?" आई हसली. मीही हसले.

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त झालेली असतात. माझं तर अजून कॉलेजच संपायचं आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आठवडाभर कॉलेज आणि शनिवार-रविवार लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टमधली मुलांची खोली, असं माझं चालतं. राहते कुसगावात आत्याकडे. मराठीच्या मॅडमनी सांगितलं, तुझ्या कामाबद्दल लिही, तेव्हा मी म्हटलं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. ते खरं नव्हतं. एका रविवारचं लिहिण्यासारखं होतं, पण ते लिहावं की नाही हे माझं ठरत नव्हतं.

आधी काम काय असतं ते सांगते. पाहुणे दोन दिवस येतात. त्यांना थोडा वेळ मुलांशिवाय हवा असतो. कुणाला पोहायचं असतं, कुणाला झोपायचं असतं, कुणाला नुसतं शांत बसून एकमेकांशी भांडायचं असतं. तेवढा वेळ मूल कुठेतरी खुशीत बसावं म्हणून ही खोली आहे. दारावर फुलपाखरं चिकटवलेली, आत बुटकी टेबलं आणि बुटक्या खुर्च्या. घोटीव कागद, पतंगी कागद, लोकर, खडू, गमच्या बाटल्या आणि बिनटोकाच्या कात्र्या. मॅनेजर सरांनी पहिल्या दिवशी मला एकच वाक्य सांगितलं होतं, "शिकवायचं नाही, गुंतवून ठेवायचं."

हे बोलायला सोपं आहे. मी स्वतः लहानपणी यातलं काहीच केलं नव्हतं. शाळेत कार्यानुभवाचा तास असायचा, त्यात आम्ही पटांगणातले दगड वेचायचो. ठसेकाम, मुखवटे, कागदाची चटई हे सगळं मी मोबाइलवर बघून आणि माझ्याआधी तिथे असलेल्या मुलीकडून शिकले. पण खरं शिक्षण वेळेचं झालं. वस्तू मुलाच्या हातात पुरी झाली पाहिजे. अर्धवट वस्तू घेऊन गाडीत बसलेलं मूल घाट उतरेपर्यंत रडतं, आणि मग आईवडिलांचा फोन रिसॉर्टला येतो. म्हणून आईवडील कुठे चाललेत हे आधी बघायचं. नुसते चहा प्यायला निघाले असतील तर भेंडीचे ठसे. पोहायला निघाले असतील तर मुखवटा. जेवण करून झोपणार असतील तर चटई. आणि कधी येतील याचा काहीच भरवसा नसेल, तर साखळी. कागदाच्या पट्ट्यांच्या कड्या एकात एक अडकवत जायच्या. साखळी कुठेही थांबवली तरी पुरीच दिसते.

पावसाळ्यात आणखी एक अडचण. लोणावळ्याच्या हवेत कागद सादळलेल्या पापडासारखा मऊ पडतो आणि गम वाळत नाही. मी हाउसकीपिंगमधून केस वाळवायचा ड्रायर मागून आणते आणि एकेका मुलाची वस्तू वाळवून देते. मुलांना कलाकुसरीपेक्षा तो ड्रायरच जास्त आवडतो, हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मुंबईचे एक गृहस्थ मुलाला सोडायला आले आणि स्वतःच बसले. पुठ्ठ्याचं जहाज करायला घेतलं. मुलाने हात लावला की म्हणायचे, "थांब, बिघडवशील." शेवटी मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दीदी, बाबांचं झालं की सांगा." एक मुलगी होती, तिला मी रंगीत कागदाचे तुकडे फाडून चिकटवायला सांगितलं, तर तिने कागद नुसताच धरून ठेवला. म्हणाली, "फाडू? नक्की? ओरडणार नाही ना कुणी?" आणि पुष्कळ आईवडील निघताना ती वस्तू दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून जातात, मूल पुढे पळालं की. मी ती डब्यातून काढून ठेवत नाही. सुरुवातीला ठेवायचे.

आता तो रविवार. श्रावणातला होता. मुलीचं नाव मी बदलते आहे, तिला तन्वी म्हणू. सात-आठ वर्षांची असेल. पुण्याहून आई आणि बाबांबरोबर आली होती, बाबांचे मित्र आणि त्यांच्या बायकाही होत्या. मोठी माणसं मागच्या डोंगरातल्या ओढ्यावर फिरायला निघाली होती. वाट निसरडी म्हणून तन्वीला माझ्याकडे ठेवलं.

तिचे बाबा दारात वाकून आत आले. एक कात्री उचलली, बोटावर टेकवून बघितली आणि मला विचारलं, "ही कापते, की नुसत्या गुदगुल्या करते?" मी म्हटलं, कागद कापते, बोट नाही. "मग आम्हाला पण अशीच एक द्या घरी, हिची आई फार रागावली की मला भीती वाटते," असं म्हणून हसत ते गेले. आईने मागे वळून एवढंच सांगितलं की तिला भूक लागली तर काहीतरी द्या, ती स्वतःहून मागत नाही.

दुपार टळल्यावर मॅनेजर सर दाराशी आले आणि मला बाहेर बोलावलं. सर कधी त्या खोलीकडे फिरकत नाहीत. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की वर डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि ओढ्याला एकदम लोंढा आला. बाकीची माणसं कशीबशी काठाला लागली. तन्वीचे बाबा लागले नाहीत. गावातली पोरं आणि शोधपथक खाली डोहापाशी उतरलं आहे. मग ते म्हणाले, "तू तिला गुंतवून ठेव."

आमच्याकडचं कुणीही श्रावणात त्या ओढ्यात पाय घालणार नाही. डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात काय चाललंय ते खाली कळत नाही. पण हे पाटीवर लिहिलेलं असतं, आणि पाटीजवळ लोक फोटो काढतात.

थोड्या वेळाने सर पुन्हा आले, तेव्हा काही विचारायची गरज पडली नाही. त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. पलीकडे तन्वीची आई होती. ती रडत नव्हती. पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत आणि देह दवाखान्यात नेईपर्यंत तिला हलता येत नव्हतं. शाळेच्या मिटिंगबद्दल बोलावं तशा सपाट आवाजात ती म्हणाली, "तिला कुणी काही सांगू नका. मी येते. मीच सांगणार. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळायला नको. मला शब्द द्या."

मी म्हटलं, "देते."

आत गेले तेव्हा तन्वी मुखवट्याला रबर लावत होती. वाघाचा होता. बाकीची मुलं अजून होती. मला पहिल्यांदाच कळेना की आता हिला करायला काय द्यावं. तिनेच विचारलं, "ताई, आता होडी करूया? बाहेर पन्हळीचं पाणी वाहतंय, त्यात सोडू."

"होडी नको," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं. त्या खोलीत मी कधी कुणाला नको म्हणत नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, आणि पुन्हा वाघाकडे वळली.

मी साखळीच्या पट्ट्या कापायला घेतल्या.

एकेका मुलाचे आईवडील आले आणि मुलं गेली. एरवी लोक दारात रेंगाळतात, चौकशा करतात. त्या दिवशी बातमी रिसॉर्टभर झाली होती. माणसं यायची, आपलं मूल घट्ट धरायची, तन्वीकडे एकदा बघायची आणि निघायची. एका बाईने तर आपल्या मुलाच्या हातातलं चॉकलेट काढून तन्वीच्या समोर ठेवलं आणि निघून गेली. तो मुलगा भोकाड पसरून रडत गेला.

त्या दिवशी सगळेच तिच्याशी फार चांगले वागले. मला वाटतं, मुलांना संशय येतो तो यानेच. गेटवरचे वॉचमन भाऊ फुगे घेऊन आले. हाउसकीपिंगमधल्या मुलीने न मागता ड्रायर आणून दिला. मॅनेजर सर वेफर्सची पाकिटं घेऊन आले आणि बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. दोन कड्या त्यांनी स्वतः केल्या, एक उलटी चिकटवली. ते गेल्यावर तन्वीने मला विचारलं, "हे सर रोज येतात करायला?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आज का आले?"

"पाऊस आहे ना. त्यांना आज काम कमी आहे."

तिने उलटी कडी सोडवली, नीट केली आणि पुन्हा चिकटवली. साखळी टेबलावरून खाली उतरून फरशीवर आली होती. आईबाबांना उशीर झाला का, असं तिने एकदा विचारलं. मी हो म्हटलं. रस्ता बंद आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, गर्दी आहे. ही दोन उत्तरं तरी खोटी नव्हती, पण प्रत्येक उत्तरानंतर मी आणखी पट्ट्या कापत होते. तिने वेफर्सला हात लावला नव्हता. स्वतःहून मागत नाही, हे तिच्या आईचं बोलणं मला आठवलं. मी फोन करून सरांना सांगितलं की किचनमधून हिला काहीतरी खायला पाठवा. मुलांसाठी नेहमी जे जातं ते येईल, नूडल्स किंवा सँडविच, अशी माझी समजूत होती.

ताट घेऊन चांगुणा मावशी स्वतः आल्या. मावशी जवळच्याच कुरवंडे गावच्या. रिसॉर्टच्या किचनमध्ये भाकरी त्या करतात. चुलीवरची भाकरी म्हणून पाहुणे त्यांचे फोटो काढतात, त्याचा त्यांना राग येतो. तशा त्या पाहुण्यांच्या बाजूला कधी येत नाहीत. त्या आत आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, फरशीवर बसल्या आणि ताट टेबलावर ठेवलं. पिठलं आणि भाकरी. कांदा नाही, चटणी नाही, लोणचं नाही.

ताट बघितलं आणि मावशींनी काय आणलंय ते मला कळलं.

शहरातल्या वाचकांना कदाचित सांगायला लागेल. आमच्या भागात ज्या घरी माणूस जातं, त्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे, भावकीतले पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. कडू त्यात काही नसतं. घरातल्या कुणाला जेवायची इच्छा नसते, म्हणून आणणारीने समोर बसायचं आणि जेवणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून दोन घास तरी खायला लावायचे. मी लहानपणापासून हे किती घरांत पाहिलं आहे, आणि आईबरोबर असं ताट घेऊन मीही गेले आहे. किचनमध्ये त्या दिवशी पनीर होतं, छोले होते, फ्राइज होते. हे पिठलं मावशींनी तन्वीसाठी वेगळं टाकलं होतं.

मावशींनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि भाकरीचा तुकडा मोडला. "घे माजी बाय. दोन घास खा."

तन्वीने ताटाकडे पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. हातातली कागदाची पट्टी तिने खाली ठेवली.

"आबा गेले ना, तेव्हा भोरला असंच आलं होतं," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंनी आणलं होतं. आजी खातच नव्हती."

मावशींचा हात तिच्या डोक्यावर होता, तो तिथेच थांबला.

"कोण गेलं?" तन्वीने विचारलं. तिने मावशींना विचारलं नाही, मला विचारलं.

खोलीत छपरावरच्या पावसाचा आवाज होता. मी शब्द दिला होता. काही झालेलं नाही असं म्हणणं शक्य होतं, आणि कदाचित दुसरं कुणी म्हणालंही असतं. माझ्या तोंडून ते निघेना.

"आई की बाबा?"

मला आजही तो प्रश्न झोपेत ऐकू येतो. सात-आठ वर्षांच्या मुलीने दोन नावं समोर ठेवली होती आणि मी त्यातलं एक उचलावं म्हणून ती वाट बघत होती. मी म्हटलं, "आई येतेय. निघालीये ती तिकडून."

ते खरं होतं. तेवढंच मला बोलता आलं. आणि तेवढ्याने तिला कळलं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती रडली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आईला माहितीये?" मी म्हटलं, "हो." तिने गमच्या बाटलीचं झाकण शोधलं, लावलं आणि घट्ट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

मावशी उठून बाहेर गेल्या होत्या. मी दाराशी गेले तर त्या पडवीच्या खांबाला टेकून पदर तोंडात धरून उभ्या होत्या. "माज्या ध्यानातच आलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "सायेब म्हनले, पोरीला कायतरी खायला धाड. न् हात आपसूक पिठाच्या डब्याकडं गेला. मरान झालंय म्हनल्यावर दुसरं काय करत्यात, मला येतच न्हाई. पोरगी शेरातली, तिला काय ठावं आसंल, आसं बी मनात आलं न्हाई. कायच आलं न्हाई मनात." मग त्यांनी मला ताट उचलून आणायला सांगितलं. आई यायच्या आत ते तिथून हलायला हवं, असं त्या म्हणत होत्या. मलाही तसंच वाटलं. आपण शब्द पाळला नाही असं त्या बाईला वाटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी तिने कुणाकडे काही मागितलं असेल तर तेवढंच.

मी आत जाऊन ताटाला हात लावला. तन्वीने दुसऱ्या बाजूने ताटाची कड धरली.

"राहू दे," ती म्हणाली. "आई पण जेवली नसेल."

मी हात मागे घेतला.

सर तिच्या आईला घेऊन आले. ते दाराबाहेरच थांबले. तिने कुणातरी पुरुषाचा मोठा रेनकोट घातला होता, तो शोधपथकातल्या मुलाचा असावा. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. येताना वाटेत तिने तोंड धुतलं असावं, केसांच्या कडा ओल्या होत्या. ती सरळ आत आली, फरशीवरची साखळी ओलांडून, आणि तन्वीच्या समोरच्या बुटक्या खुर्चीवर बसली. तिने तन्वीचे दोन्ही हात धरले. गाडीत बसल्यापासून ती ते वाक्य मनात जुळवत आली असणार.

"तनू, ऐक," ती म्हणाली. "मी काय सांगते ते नीट ऐक. बाबांना ना..."

पुढे तिला येईना. तोंड उघडं राहिलं. तिने पुन्हा सुरुवात केली, "बाबांना ना," आणि पुन्हा तिथेच थांबली. तन्वी तिच्याकडे बघत होती. ती मधे बोलली नाही. मला माहिती आहे असं म्हणाली नाही. आईने सांगायचं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती थांबली होती.

मग आईची नजर खाली ताटावर गेली. पिठल्यावर एव्हाना साय धरली होती. भाकरीतला मावशींनी मोडलेला तुकडा तसाच होता. तिने ते पाहिलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी सांगितलं नाही म्हणून. तिने ते मानलं की नाही, मला माहीत नाही. ती पुन्हा मुलीकडे वळली आणि या वेळी तिने वाक्याला सुरुवात केली नाही.

तन्वीने आईच्या हातांतून आपला एक हात सोडवला. तिच्या बोटांवर गम वाळून पांढरा झाला होता. तिने तो भाकरीचा तुकडा घेतला, पिठल्यात बुडवला आणि आईच्या तोंडापाशी नेला.

आईने घास घेतला. चावायला तिला फार वेळ लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चावत होती.

तन्वीने ताटातून दुसरा तुकडा मोडला.

"अजून एक," ती म्हणाली. "दोन खायचे असतात."